गाण्याशेजारचं गाणं

दुपारचे दोन-अडीच. जेवणं उरकून गाव नुकतं कुठे कलंडलेलं असतं, आणि ओट्यावर काठी आपटल्याचा आवाज येतो. पाठोपाठ दरडावणी : "घरधनी कोण आहे? बाहेर या! वॉरंट आहे तुमच्या नावाचं." बाहेर आलेला माणूस क्षणभर खरोखरच दचकतो. खाकी सदरा, कमरेला रुंद पट्टा, डोक्यावर टोपी, काखेत फुगलेली वही. मग त्याची नजर खाली जाते. एका पायातली चप्पल काळी, दुसऱ्यातली तपकिरी. छातीवरचा बिल्ला डब्याच्या पत्र्यातून कापलेला. वही उघडून तो खड्या आवाजात गुन्हे वाचू लागतो : गेल्या अमावास्येला शेजाऱ्याचा कोंबडा अवेळी आरवला तेव्हा हजर असूनही पंचनामा केला नाही, सासुरवाडीचा पाहुणा दिसताच शेताचा रस्ता धरला, सबब दंड, रोखीत किंवा धान्यात, कसूर केल्यास वाढीव. तोवर आळीतली पोरं गोळा झालेली असतात, घरधनी खांबाला टेकून हसत असतो आणि आतून कुणीतरी सुपात जोंधळे घेऊन निघालेलं असतं.

हा बहुरूपी. काही भागांत त्याला रायरंद म्हणतात. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी त्याला कधी पोलीस, कधी साधू, कधी लग्नाचं बोलावणं घेऊन आलेला पाहुणा म्हणून पाहिलं आहे. त्याच्याकडे बारकाईनं पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. हसू येतं ते कोंबड्यामुळे किंवा पाहुण्यामुळे नव्हे, 'सबब' आणि 'कसूर केल्यास' या शब्दांमुळे. सरकारी कागदाचा सूर, त्यातले थांबे, वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणण्याची पद्धत त्यानं जशीच्या तशी उचललेली असते. त्या सुरात तो एकदा जरी चुकला, मध्येच स्वतः हसला किंवा घरगुती बोलीत घसरला, तर समोर उरतो फक्त खाकी सदरा घातलेला गरीब माणूस. चपला दोन रंगांच्या असल्या तरी चालतं. भाषा मात्र एकाच रंगाची लागते.

या साऱ्याला मराठीत विडंबन म्हणतात. त्याचंच सख्खं भावंड म्हणजे विटंबना. दोन्हींचं मूळ संस्कृतातल्या एकाच शब्दात आहे, आणि तिथे त्याच्या पोटात नक्कल, सोंग, थट्टा, फसवणूक, दुर्दशा असे बरेच अर्थ एकत्र नांदतात. मराठीनं त्यांची वाटणी केली. नकलेतून हसू निघालं तर विडंबन. कुणाची अब्रू गेली, पुतळ्याला कुणी काळं फासलं, तर विटंबना. ही वाटणी करताना आपल्या भाषेनं मोठा शहाणपणा दाखवला, पण घरं जवळजवळच ठेवली. एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या अंगणात पाय कधी पडतो ते कळत नाही.

हा पाय पडल्याची आपल्याकडची सर्वांत जुनी हकिगत खुद्द नाट्यशास्त्रात आहे. भरतमुनींच्या मुलांना नाट्यविद्या आली आणि विद्येबरोबर ताठाही आला. त्यांनी ऋषींच्या वागण्याबोलण्याच्या नकला करून प्रहसनं बसवली आणि भर सभेत ती करून दाखवली. ऋषी संतापले. तुमचं ज्ञान नष्ट होईल, तुमचं कुळ हीन समजलं जाईल, असा शाप त्यांनी दिला. मुलं हबकली, जीव द्यायला निघाली. भरतांनी त्यांना आवरलं : माणसं राहोत न राहोत, नाट्य बुडता कामा नये. पुढे नहुष राजाच्या विनंतीवरून हीच मुलं नाटक घेऊन पृथ्वीवर उतरली. ग्रंथाचा हा शेवट विलक्षण आहे. स्वर्गातलं नाटक माणसांपर्यंत कसं आलं या गोष्टीच्या मध्यभागी एक फसलेलं, मर्यादा ओलांडलेलं विडंबन बसलं आहे. नटाला समाजानं जी खालची पायरी दिली तिचं समर्थनही या कथेत आहे, आणि ते आज वाचताना सलतं. पण त्या काळच्या माणसांना नकलेची ताकद किती नेमकी कळली होती, हेही त्यातून दिसतं. सभेत एखाद्याची नक्कल झाली की तो माणूस पुन्हा पहिल्यासारखा दिसत नाही, हे ऋषींनी ओळखलं होतं.

याच ग्रंथात हास्यरसाचा जन्म शृंगारातून सांगितला आहे. शृंगाराचं अनुकरण म्हणजे हास्य, असं भरतांचं म्हणणं. प्रियकराचे उसासे, फुलं, वाट पाहणं हे सगळं तसंच ठेवून माणूस तेवढा चुकीचा ठेवा, की हसू येतं. एवढंसं हे सूत्र पुढे मराठीत किती कामाला आलं, ते यथावकाश येईलच.

ग्रीकांचा शब्द आपल्यापेक्षा साधा आहे. 'पारा' म्हणजे शेजारी आणि 'ओडे' म्हणजे गाणं. दोन्ही मिळून पॅरोडी, म्हणजे गाण्याशेजारचं गाणं. या 'पारा'चा दुसरा अर्थ 'विरुद्ध' असाही होतो, त्यामुळे शेजारी उभा राहिलेला सोबत आला आहे की भांडायला, हे त्या शब्दानं मुद्दाम उघडं ठेवलं आहे. ॲरिस्टॉटलनं 'काव्यशास्त्रा'त पहिला विडंबनकार म्हणून एकाचं नाव घेतलं आहे : थासोस बेटाचा हेगेमॉन. इसवीसनापूर्वीच्या पाचव्या शतकातला हा माणूस होमरच्या भारदस्त वृत्तात, वीरांच्या थाटात क्षुल्लक गोष्टी सांगायचा. त्याला लोक 'मसूर' म्हणत. त्याच्या गावकऱ्यांनी एकदा त्याच्यावर शेणाचा मारा केला होता, आणि ते त्यानं स्वतःच पद्यात लिहून ठेवलं.

अथेनायोस नावाच्या लेखकानं त्याच्याबद्दलच्या दोन-तीन आठवणी जपल्या आहेत. एकदा हेगेमॉन अथेन्सच्या नाट्यगृहात आला तो अंगवस्त्राच्या ओच्यात दगड भरून. रंगभूमीवर त्यानं ते दगड ओतले. लोक चक्रावले. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, हे दगड आहेत, ज्याला मारायचे असतील त्यानं मारावेत. दुसऱ्या आठवणीत त्याच्यावर कुणीतरी खटला भरला आहे. त्याचा चाहता असलेला अथेन्सचा पुढारी अल्किबियादीस त्याला घेऊन थेट दप्तरखान्यात गेला आणि जिथे फिर्याद लिहिली होती तिथे बोट ओलं करून ती पुसून टाकली. विडंबनकाराचं सगळं आयुष्य या दोन चित्रांत मावतं : समोर दगडांचा ढीग आणि पाठीशी सत्तेतला एखादा हसणारा माणूस.

पण विडंबन म्हणजे आधी मूळ गाणं नीट ऐकणं आहे, हे हेगेमॉनपेक्षा विनोदी नाटककार ॲरिस्टोफनीसकडे जास्त स्वच्छ दिसतं. त्याचं 'बेडूक' हे नाटक इ. स. पू. ४०५ मधलं. शोकनाट्यं लिहिणारा युरिपिडीस नुकताच वारला आहे, चांगला कवी उरला नाही म्हणून डायोनिसस देव पाताळात जातो, आणि तिथे जुना नाटककार एस्किलस आणि युरिपिडीस यांची जुंपते. एस्किलस म्हणतो, तुझ्या नाटकांच्या सुरुवातीच्या ओळी मी तेलाच्या एका कुपीनं निकामी करतो. युरिपिडीस म्हणायला लागतो. अमका राजा, तमका वीर, समुद्र ओलांडून आला आणि... ओळ मध्यावर, यतीपाशी थांबते, तेवढ्यात एस्किलस पुढचं जोडतो : त्याची तेलाची कुपी हरवली. वृत्तात अचूक बसतं. युरिपिडीस दुसरी ओळ घेतो, पुन्हा कुपी. तिसरी, चौथी, पाचवी, प्रत्येक वेळी कुपी. हसून हसून प्रेक्षक बेजार होतो आणि त्याच वेळी त्याला एक खरी टीका कळलेली असते : या कवीची सुरुवातीची वाक्यं एकाच साच्याची आहेत आणि त्यांत नेमकी एका कुपीएवढी जागा रिकामी राहते. पन्नास पानांच्या समीक्षेतून हे इतकं पक्कं कळलं नसतं.

मराठीत याला तोड आहे. केशवसुतांची 'आम्ही कोण?' ही कविता शार्दूलविक्रीडितात आहे. ओळीला एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर यती, गण म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरू. वृत्ताचं नाव ठाऊक नसलेल्या मराठी माणसालाही ही चाल कानानं पाठ असते, कारण मंगलाष्टकं याच वृत्तात म्हटली जातात. अक्षता हातात धरून उभं राहण्याचं गांभीर्य त्या लयीतच आहे. केशवसुतांनी या लयीत कवीची थोरवी सांगितली : तो देवाचा लाडका, जग त्याला खेळायला दिलेलं, त्याला वगळलं तर आकाशातल्या ताऱ्यांचंही तेज जाईल. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात 'केशवकुमार' हे नाव घेऊन लिहिणाऱ्या प्रल्हाद केशव अत्रे यांनी 'झेंडूची फुले'मध्ये हाच प्रश्न, याच वृत्तात, याच मथळ्याखाली पुन्हा विचारला. त्यांचा कवी विचारतो, मासिकात आमचा फोटो पाहिला नाहीत का? आमचे संग्रह वाचले नाहीत? आणि ताऱ्यांचं तेज जाण्याच्या जागी तो बजावतो की आम्हाला वगळलं तर साप्ताहिकं निस्तेज होतील, मासिकं बंद पडतील.

ताऱ्यांच्या जागी साप्ताहिकं. बाकी वाक्यरचना तीच, यती तोच, ठसका तोच. आकाशातून थेट छापखान्यात पडण्याचं अंतर त्या एका शब्दानं मोजलं जातं. आणि इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे : अत्र्यांचा नेम केशवसुतांवर नाही. तो आहे केशवसुतांचा अंगरखा चढवून फिरणाऱ्यांवर, एकमेकांची पाठ थोपटणाऱ्या, गोंडस नावांचे संग्रह काढणाऱ्या त्या वेळच्या कवींवर. मूळ कविता उंच आहे म्हणूनच ती मापाची काठी म्हणून वापरता येते. केशवसुतांची कविता या विडंबनानं जराही बुटकी झाली नाही. उलट अत्र्यांच्या ओळी ऐकताना मनात मूळ ओळी आपोआप चालू होतात, आणि हसता हसता त्यांची भव्यता पुन्हा अंगावर येते.

याच संग्रहातली 'परिटास' ही कविता घ्या. कपडे नेलेल्या परिटाला घातलेली ती विरहाची साद. भरतांचं सूत्र इथे अक्षरशः लागू पडतं : शृंगाराचा सगळा सरंजाम तसाच, फक्त सख्याच्या जागी परीट आणि तुटलेल्या हृदयाच्या जागी उसवलेला लग्नातला कोट नि सदऱ्याच्या हरवलेल्या गुंड्या. 'प्रेमाचा गुलकंद'मध्ये प्रेमिक रोज गुलाब पाठवतो आणि त्या फुलांचं शेवटी काय होतं हे मथळ्यातच आहे. संग्रहाचं नावही असंच कानानं निवडलेलं. पारिजात, बकुळ, जाई या कवींच्या फुलांच्या पंगतीत दसऱ्याच्या तोरणातला, बैलाच्या गळ्यातला झेंडू आणून बसवला. (हा झेंडू मुळात मेक्सिकोचा, पण आपल्या दारांना तो इतका मानवला की त्याला परका म्हणायची आता कुणाची छाती होणार नाही.)

अत्र्यांच्या आधी वाट नव्हती असं नाही. अत्रे ज्यांना गुरू मानत त्या राम गणेश गडकऱ्यांनी 'बाळकराम' नावानं लिहिताना 'कवींचा कारखाना' थाटला होता. पण त्याहून कितीतरी खोल, पार गावाच्या पारापर्यंत गेलेली वाट तमाशातल्या गवळणीची आहे. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ या संतांनी गौळणी लिहिल्या. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गोपी आणि वाट अडवणारा कृष्ण हा त्या भक्तीचा देखावा. तमाशात गणानंतर तोच देखावा येतो, पण गोपींबरोबर मावशी असते. लुगडं नेसलेला पुरुष, पदर खोचलेला, तोंडात फटकळ बोली. कृष्ण दाण मागतो आणि मावशी त्याच्याशी बाजारातल्या जकात नाक्यावर घालावी तशी हुज्जत घालते. थोड्याच वेळापूर्वी याच फडानं गणपतीला मनोभावे नमन केलेलं असतं. तेच लोक, तोच ढोलकीवाला, तीच रात्र. देवाची थट्टा झाली म्हणून कुणी उठून जात नाही, कारण देव घरचा असतो.

आणि एकनाथांनी तर हीच कळ उलटी फिरवली. भारुडात ते जोशी होतात, वासुदेव होतात, गारुडी होतात, मुरळी होतात. दारोदार फिरणाऱ्या माणसाची हुबेहूब नक्कल, त्याचीच भाषा, त्याचेच हेल. आणि त्या बोलण्यातून हळूहळू वेदान्त वर येतो. गवळणीत देवाला बाजारात उतरवलं जातं, भारुडात बाजाराला देवापर्यंत चढवलं जातं. दोन्हीकडे शिडी एकच, नकलेची. विडंबन म्हणजे वरचं खाली ओढणं, अशी व्याख्या करणाऱ्यांनी पैठणला एक फेरी मारायला हवी.

मावशीच्या लुगड्यावरून आजची एक खंत सांगावीशी वाटते. दूरदर्शनवरच्या विनोदी कार्यक्रमांत पुरुषानं साडी नेसून लचकत येणं हाच आता पुष्कळदा विनोद असतो. समोर कुठलं गाणं नाही, कुठली भाषा नाही, जिची नक्कल चालली आहे असं काही मूळ नाही. हसायचं ते जाड अंगाला, काळ्या रंगाला, बायकी चालीला. मावशी भांडायची ती कृष्णाशी, थेट गोष्टीच्या नायकाशी. इथे भांडण कुणाशीच नाही, फक्त बोट दाखवणं आहे. ही विटंबना आहे, आणि तिला विडंबन म्हणणं हा बहुरूप्याचा, सोंगाड्याचा आणि अत्र्यांचा अपमान आहे.

विडंबनाला पाठांतर लागतं. ऐकणाऱ्याच्या मनात मूळ गाणं आधीच वाजत असेल तरच शेजारचं गाणं ऐकू येतं. रविकिरण मंडळाच्या कवींनी जाहीर काव्यगायनाची आवड लावली, लोकांच्या ओठांवर कविता आल्या, आणि म्हणूनच अत्र्यांना त्या ओठांवरचे शब्द बदलता आले. पुढे याच अत्र्यांनी 'नवयुग वाचनमाला' काढली आणि मराठी मुलांच्या हाती निवडक कविता दिल्या. कवींची थट्टा करणारा माणूस पोरांना कविता पाठ करायला लावत होता, यात विसंगती अजिबात नाही. त्याला ऐकणारे कान हवे होते. वर्गात प्रार्थना चालू असताना मागच्या बाकावर तिचे शब्द फिरवणाऱ्या पोरालाही प्रार्थना पाठ असावीच लागते.

मात्र पाठांतर पिढीबरोबर सरतं, आणि तिथून पुढे गोष्टी गमतीदार होतात. लुईस कॅरलच्या १८६५ सालच्या 'ॲलिस'मधली मगरीची कविता आयझॅक वॉट्सच्या १७१५ सालच्या एका बोधपर कवितेचं विडंबन आहे. वॉट्सची कविता उद्योगी मधमाशीवर. आळस नको, असं मुलांना सांगणारी. त्या काळच्या इंग्रज मुलांकडून ती घोकून घेतली जायची. आता मधमाशी विस्मरणात गेली आणि मगर जगभर हिंडते आहे. सर्व्हान्टिसनं १६०५ मध्ये 'डॉन किहोते'त शिलेदारी कादंबऱ्यांची रेवडी उडवली; त्यातल्या बहुतेकांची नावं आज सामान्य वाचकाला कळतात ती पाद्री आणि न्हावी मिळून त्या नायकाची पुस्तकं जाळायला काढतात त्या प्रकरणातून. युरिपिडीसची 'टेलेफस' आणि 'अँड्रोमेडा' ही नाटकं हरवली आहेत. अभ्यासक ती तुकड्यांतुकड्यांनी जोडताना ॲरिस्टोफनीसच्या विनोदांचा आधार घेतात, कारण त्यानं त्यांची थट्टा करताना त्यांतले प्रसंग आणि शब्द उचलून ठेवले.

हेगेमॉनचं 'गिगांतोमाखिया', म्हणजे देव आणि राक्षसांच्या युद्धाचं विडंबन, मात्र गेलं ते गेलंच. उरली आहे ती ते सादर होत होतं त्या दिवसाची हकिगत. साल इ. स. पू. ४१३. दोन वर्षांपूर्वी अथेन्सचं प्रचंड आरमार सिसिली जिंकायला गेलं होतं. नाट्यगृहात हेगेमॉन रंगात आला होता. लोक इतके हसत होते, इतके पूर्वी कधी हसले नसतील. तेवढ्यात नाट्यगृहातच बातमी आली : सिसिलीत सारं संपलं. आरमार बुडालं, सैन्य कापलं गेलं. तिथे बसलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी गेलं होतं. कुणीही उठलं नाही. परगावचे पाहुणे प्रेक्षकांत होते, त्यांना आपलं दुःख दिसू नये म्हणून माणसं अंगवस्त्रात तोंड झाकून रडली आणि जागच्या जागी बसून राहिली. हेगेमॉनला मात्र ते ऐकल्यावर पुढे बोलवेना.

जिवंत सापडलेल्यांना सिराक्यूजच्या दगडाच्या खाणींत कोंडण्यात आलं. चरित्रकार प्लुटार्क सांगतो की सिसिलीच्या लोकांना युरिपिडीसच्या कवितेचं वेड होतं. ज्या कैद्यांना त्याच्या ओळी पाठ होत्या त्यांनी त्या धन्यांना शिकवल्या आणि त्यातले काही सुटले. युद्धानंतर भटकत राहिलेल्या काहींना त्याची गाणी म्हटल्यावर अन्नपाणी मिळालं. जे घरी पोचले त्यांच्यातले बरेच जण युरिपिडीसला भेटायला गेले, म्हणाले, तुमच्या ओळींनी आम्हाला परत आणलं.

आठ वर्षांनी 'बेडूक' लागलं तेव्हा त्यांच्यातले काही प्रेक्षकांत असणारच. युरिपिडीस मरून वर्षही धड झालं नव्हतं. रंगमंचावर त्याच्या ओळी एकामागून एक म्हटल्या जात होत्या, यतीपाशी थांबत होत्या, आणि प्रत्येकीत तेलाची कुपी हरवत होती. ओळ पुरी व्हायच्या आधीच त्या माणसांच्या ओठांवर तिचा खरा शेवट आलेला असणार.